गावची चूल आणि हातातला कॅमेरा

रमजानचा महिना लागला की बंगळूरच्या शिवाजीनगरात संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. निखाऱ्यांवर फिरणारे सीख कबाब, मोठ्या पातेल्यांत घोटलेला हलीम, तापलेल्या दगडावर भाजलेलं ‘पत्थर का गोश्त’, कढईतून निथळत निघणारे समोसे. आणि या सगळ्यांभोवती मोबाइल उंच धरून उभी असलेली तरुण मुलं-मुली. घास घ्यायचा, डोळे मिटायचे, चव सांगायची, पत्ता सांगायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं, ही खाण्याच्या व्हिडिओंची रीत आता शाळकरी पोरांनाही पाठ झाली आहे.

सकाळी त्याच भागात वेगळीच लगबग असते. इथलं रसेल मार्केट 1927 साली बांधलं गेलं, तेव्हाचे नगरपालिका आयुक्त टी. बी. रसेल यांच्या नावाने. 2012 च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत बरीच दुकानं जळाली, तरी बाजार पुन्हा उभा राहिला. कोलार, चिक्कबळ्ळापूर, होसकोटे या बाजूंच्या शेतांतला माल बंगळूरच्या बाजारांत उतरतो. डिसेंबर-जानेवारीत त्यात हिरव्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. कन्नडमध्ये ती अवरेकाय. महाराष्ट्रातून आलेला माणूस ती शेंग हातात घेतो आणि लगेच ओळखतो, हा तर आपला वाल-पावट्याचा गोतावळा! इथल्या घरांत दाणे भिजवतात, चिमटीत दाबून एकेकाची साल काढतात आणि त्या सोललेल्या दाण्यांचं सांबार करतात. वालाचं बिरडं करणाऱ्या कोकणातल्या घरांत बायका नेमकं हेच करत बसलेल्या असतात.

कबाबाच्या गाडीसमोर कॅमेऱ्यांची गर्दी होते, पण शेंग पिकवणाऱ्या गावात आणि ती सोलणाऱ्या हातांसमोर कॅमेरा क्वचित पोचतो. जे तिथवर जातात त्यांचं काम कष्टाचं असतं, बेभरवशाचं असतं, आणि त्याची म्हणावी तशी दखल आपल्याकडे घेतली गेलेली नाही.

शिवाजीनगर या नावाने मराठी माणसाचे कान टवकारतात. इंग्रजी अमदानीत हा भाग ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई. मराठ्यांचं बंगळूरशी नातं मात्र इंग्रजांच्या छावणीहूनही जुनं. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवराय लहानपणी काही काळ इथे राहून गेले. नंतरच्या काळात इथेच रुजलेल्या मराठा घराण्यांनी शहराला एक खास देणगी दिली, ती म्हणजे ‘मिलिटरी हॉटेल’. पानाच्या द्रोणात वाढलेली, पुदिना-कोथिंबिरीने हिरवट झालेली बारीक तांदळाची बिर्याणी, नाचणीचा उंडा म्हणजे मुद्दे, सोबत खिमा, पाया, कलेजी. यातल्या कितीतरी जुन्या हॉटेलांच्या मालकांच्या नावापुढे ‘राव’ लागतं. हॉटेलातली थाळी आता व्हिडिओंतून सगळीकडे पोचली आहे. पण त्या घरांतला मसाला कसा कुटला जायचा, सणाला काय रांधलं जायचं, गावाकडचं काय टिकलं आणि कन्नड शेजाराने काय बदललं, याची नोंद करायला कोणी तरी त्या स्वयंपाकघरांत जाऊन बसायला हवं. मराठी वाचकांच्या दृष्टीने हे काम मिलिटरी हॉटेलातल्या बिर्याणीइतकंच मोलाचं आहे.

बंगळूरच्या बाजारात भेटलेला हा वाल समुद्र ओलांडून आणखी पूर्वेला गेला की फिलिपिन्समध्ये ‘बताव’ या नावाने भेटतो. तिथे लहान मुलांना शिकवलं जाणारं ‘बहाय कुबो’ नावाचं लोकगीत आहे. गवताने शाकारलेली एक झोपडी आणि तिच्याभोवतीची परसबाग, एवढाच त्याचा विषय. वांगी, शेंगदाणे, वाल, कोहळा, दोडका, दुध्या, मुळा, मोहरी, आलं, लसूण, तीळ, अशी भाज्यांची नावंच त्यात येत राहतात. कोकणातल्या एखाद्या घरामागची वाडी डोळ्यासमोर यावी, इतकं ते ओळखीचं वाटतं.

फिलिपिन्स हा 7,641 बेटांचा देश. बेट बदललं की ताट बदलतं. बिकोल भागात जवळजवळ सगळंच नारळाच्या दुधात शिजतं. इलोकोस भागात उसाच्या रसाचा शिरका आणि कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस. विसाया बेटांवर ताजी मासळी न शिजवता शिरक्यात घालून खायची पद्धत, तिचं नाव किनिलाव. चिंचेच्या आंबट पाण्यातली सिनिगांग आपल्याकडच्या साराची आठवण करून देते. बिबिंका हा तांदळाचा केक केळीच्या पानावर ओतून वर-खाली निखारे ठेवून भाजतात. कोकणात काकडीचं धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतात, तीच युक्ती. माडापासून काढलेली ‘तुबा’ म्हणजे आपली माडी.

इतकं वैविध्य असूनही मनिला शहरात बराच काळ गावाकडचं जेवण मागास मानलं गेलं. ही समजूत बदलायला सुरुवात केली ती कॅमेऱ्याच्याही आधी लेखणीने. दोरीन फर्नांडेझ (1934-2002) या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत. त्यांनी बाजार, रस्त्याकडेच्या खाणावळी, कोळी, शेतकरी यांच्याविषयी आयुष्यभर लिहिलं. 1994 मध्ये आलेलं त्यांचं ‘तिकिम’ हे पुस्तक आजही तिथे खाण्यावर लिहिणाऱ्याला आधी वाचावं लागतं. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’ लिहिलं, त्याच जातीचं हे काम आहे. पदार्थाकडे पाहताना त्याच्या मागची माणसं आणि ऋतूही पाहायचे, ही दोघींची दृष्टी.

त्या वाटेवर पुढे आलेला आजचा चेहरा म्हणजे एर्वान ह्यूसाफ. वडील फ्रेंच, आई फिलिपिनो. लहानपणापासून वजनाशी झगडलेल्या या तरुणाने ते खटपटीने उतरवलं आणि त्या अनुभवातून ‘द फॅट किड इनसाइड’ या नावाने ब्लॉग सुरू केला. आरंभी त्यात पाककृती आणि तब्येतीच्या गोष्टी असत. हळूहळू तो शहराबाहेर पडला. मीठ काढणारे, शिरका घालणारे, डोंगरावरचे शेतकरी, मुस्लिमबहुल मिंदानाओमधली स्वयंपाकघरं, हे त्याचे विषय झाले. पुढे ‘फीचर’ नावाची त्याची संस्था उभी राहिली आणि 2023 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा समाजमाध्यम विभागातला पुरस्कार त्याला मिळाला. अमेरिकेत खाण्याच्या क्षेत्रात या पुरस्काराला मोठा मान आहे. फिलिपिन्सच्या खेड्यांतली चूल त्या व्यासपीठावर पोचली याचा तिथल्या लोकांना केवढा आनंद झाला असेल, हे आपण सहज समजू शकतो.

गावोगाव हिंडून टिपण्यासारखं म्हणजे नेमकं काय, हे बोहोल बेटावरच्या ‘आसिन तिबुओक’ या मिठावरून कळतं. नारळाची सोडणं काही महिने समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवायची. मग ती वाळवून दिवसेंदिवस मंद धुमसत जाळायची. उरलेल्या राखेतून पुन्हा समुद्राचं पाणी गाळायचं आणि ते खारं पाणी मातीच्या छोट्या मडक्यांत ओतून भट्टीवर आटवत न्यायचं. पाणी आटलं की वरून आणखी ओतायचं. शेवटी मडक्याचा खालचा भाग तडकून गळून पडतो आणि आत अंड्याच्या आकाराचा, दगडासारखा घट्ट मिठाचा गोळा उरतो. भातावर तो किसून घेतात. हे काम जाणणारी कुटुंबं आज बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मडकं कधी भरायचं, आग किती धरायची, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते त्या माणसांच्या हातात आहे. म्हणून अशा ठिकाणी कॅमेरा जाणं आणि पुरेसा वेळ थांबणं याला किंमत आहे.

महाराष्ट्रात हे काम सर्वांत मनापासून ज्यांनी केलं, त्यांतलं पहिलं नाव सुमन धामणे यांचं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं सारोळा कासार हे त्यांचं गाव, नगर शहरापासून फार लांब नाही. 2020 साली त्या सत्तरीच्या होत्या. शाळेची पायरी कधी चढलेल्या नव्हत्या. अकरावीत शिकणारा नातू यश याने एकदा पावभाजीचा हट्ट धरला. पावभाजी कशी करतात ते दाखवायला त्याने आजीसमोर मोबाइलवरचे व्हिडिओ धरले. ते पाहून आजींना वाटलं की यापेक्षा आपण बरी करू. केली, घरच्यांना आवडली, आणि नातवाच्या डोक्यात कल्पना आली. ‘आपली आजी’ नावाचं चॅनल असं जन्माला आलं.

कारल्याच्या भाजीच्या व्हिडिओने ते घराघरांत पोचलं. काही दिवसांतच दहा लाखांवर लोकांनी तो पाहिला. कारल्याची भाजी ही काही मेजवानीची गोष्ट नव्हे. ती आवडणारी माणसं कमी आणि नाक मुरडणारी जास्त. पण हातातल्या सवयीने चिरलेली कारली, घरचा काळा मसाला, पाट्यावर वाटलेलं वाटण आणि नगरी बोलीतलं समजावणं, यांत लोकांना आपली स्वतःची आजी दिसली. त्यानंतर शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, पालेभाज्या, सणाचे गोडधोड, असं घरातलं रोजचं जेवण एकेक करून कॅमेऱ्यासमोर आलं. 2020 च्या अखेरीस चॅनलचे सदस्य सहा लाखांच्या घरात गेले होते. आजींच्या हातचा मसाला विकत मागणारे लोक पुढे आले आणि त्यातून घरचा एक छोटा व्यवसायही उभा राहिला.

हे सगळं पडद्यावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न उभ्या राहिलेल्या बाईला सुरुवातीला अवघडल्यासारखं होई. बेकिंग पावडर, सॉस, मिक्सर असे शब्द नातवाकडून घोकून घ्यावे लागले, कारण पाहणाऱ्यांत शहरातली मुलंही होती. गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच वीज गेली की चित्रीकरण थांबायचं, भाजीचा रंग बदलायचा, पुन्हा सुरुवात करायची. काही मिनिटांच्या व्हिडिओमागे कित्येक तास जात. घरची कामं, शेतीभाती, नातवाचं कॉलेज हे सगळं सांभाळून हे चालायचं.

आणि मग 17 ऑक्टोबर 2020 उजाडला. कोणीतरी चॅनलवर डल्ला मारला. महिनोन्‌महिने जमवलेले व्हिडिओ, सदस्य, नाव, सगळं एका दिवसात हातातून गेलं. ते चार दिवस घरात जेवणावर कोणाचं मन नव्हतं, झोप नव्हती. 21 ऑक्टोबरला चॅनल परत मिळालं आणि आजी पुन्हा चुलीपुढे बसल्या. त्यांची गोष्ट सांगताना लोक बहुतेक वेळा पावभाजीवर थांबतात, पण या चार दिवसांतून त्यांच्या धंद्याचं खरं स्वरूप जास्त कळतं. शेत, घर, गोठा यांची चोरी झाली तर गावाला काय करायचं ते माहीत असतं. न दिसणाऱ्या खात्याची चोरी झाली तर दाद कुठे मागायची, हे भल्याभल्यांना उमगत नाही.

अशा चोऱ्यांची एक पद्धत आता चांगली ठाऊक झाली आहे. चॅनलच्या मालकाला एक ईमेल येतो. त्यात जाहिरातीचा करार देऊ केलेला असतो आणि सोबत एक फाइल जोडलेली असते. ती उघडली की आत लपलेला प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठलेल्या लॉगिनच्या खुणा उचलतो. त्या खुणा हाती आल्या की पासवर्ड न टाकताच खातं उघडतं आणि मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाची आडकाठीही उरत नाही. गुगलने 2021 मध्ये याविषयी सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. चोरलेली चॅनलं विकली जातात, नाहीतर त्यांचं नाव आणि चित्र बदलून त्यावर आभासी चलनाच्या फसव्या योजना चालवल्या जातात. गावाकडून असं काम करणाऱ्या प्रत्येकाने अनोळखी करारासोबतची फाइल न उघडणं आणि सगळ्या व्हिडिओंची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणं, ही काळजी घ्यायलाच हवी.

कमाईचं गणितही वरून दिसतं तितकं सरळ नाही. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींतून पैसे मिळायचे तर किमान एक हजार सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं जमायला लागतं. 2018 पासून हा नियम आहे. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नातला 55 टक्के हिस्सा चॅनलकडे येतो. एक लाख सदस्यांना चंदेरी बटण, दहा लाखांना सोनेरी. बटणाची छायाचित्रं पाहून कितीतरी तरुण शेतीवाडी सोडून यात उतरतात आणि चार हजार तासांच्या अलीकडेच थकतात. शिवाय पायाखालची जमीन कोणत्याही दिवशी सरकू शकते. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी ॲपांवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक गेलं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलामुलींनी तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. सुरक्षेचा प्रश्न खराच होता, पण त्या मुलांच्या हातून काय निसटलं याचा हिशेब कोणी मांडला नाही.

दक्षिणेत या वाटेवर आपल्याआधी पावलं पडली होती. आंध्रातल्या मस्तानम्मा शंभरी ओलांडल्यावर प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या पणतूने आणि त्याच्या मित्राने 2016 मध्ये त्यांचा वांग्याच्या रश्शाचा व्हिडिओ टाकला. पुढे कलिंगडाच्या पोकळ कवचात शिजवलेली कोंबडी जगभर पाहिली गेली. 2018 च्या डिसेंबरात, 107 व्या वर्षी त्या गेल्या. तेलंगणातले नारायण रेड्डी उघड्यावर मोठ्या भांड्यांत रांधून ते अन्न अनाथ मुलांना वाढत. 2019 मध्ये तेही गेले. तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात एक आजोबा आणि त्यांचे नातू यांनी 2018 मध्ये ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’ सुरू केलं. एक कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारं ते पहिलं तमिळ चॅनल ठरलं आणि कोविडच्या काळात त्यांनी मुख्यमंत्री निधीला दहा लाख रुपये दिले. या सगळ्यांत एक धागा सारखा आहे: स्वयंपाक येणारं एक म्हातारं माणूस आणि यंत्र येणारं एखादं तरुण पोर. दोघांपैकी एक नसेल तर काम उभं राहत नाही. म्हाताऱ्या माणसांपाशी वेळ थोडा असतो, ही बाबही यांतल्या दोन नावांवरून पुरेशी स्पष्ट व्हावी.

सिंधुदुर्गात प्रसाद गावडे हा तरुण ‘कोकणी रानमाणूस’ या नावाने जे करतो, ते थोडं वेगळं. त्याच्या व्हिडिओंत जंगल, शेती, झरे, रानभाज्या आणि गावातली माणसं एकत्र येतात. नुसता पदार्थ दाखवून तो थांबत नाही. ज्या रानातून तो पदार्थ येतो ते रान राहील का, हेही विचारतो. खाण्याच्या व्हिडिओला हा प्रश्न जोडणं फार आवश्यक आहे, कारण गावचं ताट हवामानावर आणि जमिनीवर उभं असतं. फिलिपिन्समध्ये 2013 च्या नोव्हेंबरात हैयान वादळ आलं. सहा हजारांहून अधिक माणसं गेली आणि तीन कोटींहून जास्त नारळाची झाडं पडली किंवा निकामी झाली. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या बाजूला नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माड लावल्यापासून फळ द्यायला साधारण सहा-आठ वर्षं जातात. म्हणजे एका दिवसाच्या वादळाने कित्येक घरांच्या स्वयंपाकातला नारळ इतकी वर्षं विकतचा झाला. त्या वर्षांत तिथल्या आमटीचं, मासळीच्या कालवणाचं, सोलकढीचं काय झालं, हा एका चांगल्या व्हिडिओमालिकेचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. ‘गावरान’ म्हणून जे खाणं पडद्यावर येतं, ते गावातल्या कोणत्या घरांचं असतं? चुलीवरचं मटण, ठेचा-भाकरी, पिठलं, भरलं वांगं हे पुन्हापुन्हा दिसतं. गावकुसाबाहेरच्या चुली त्यात जवळजवळ नसतात. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यपरंपरा मराठीत आणली. मांस उन्हात वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, तेल परवडत नसताना रांधायच्या रीती, मिळेल त्यातून चव काढायचं कसब, हे सगळं त्यांनी पाककृतींसह नोंदवलं. 2024 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला तेव्हा देशभर चर्चा झाली. मराठीत ती नऊ वर्षं आधी व्हायला हवी होती. खेड्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने वाड्यातल्या अंगणात जसं जायचं तसंच शेवटच्या वस्तीतही जायला हवं, नाहीतर गावाचं अर्धंच जेवण नोंदलं जाईल.

व्हिडिओच्या आधी आपल्याकडे पाककृतींची पुस्तकं होतीच. कमलाबाई ओगले यांचं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झालेलं, पण 1970 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘रुचिरा’ने मराठी घरांना वाटी-चमच्याचं माप दिलं. सासरी नव्याने आलेल्या, परगावी एकट्या राहणाऱ्या कितीतरी जणींनी त्या मापावर संसार चालवला. आज कॅमेऱ्याचं काम त्याच्याही पुढचं आहे. वाटीत न मावणारी गोष्ट, म्हणजे अंदाज, तो दाखवू शकतो. ज्वारीचं पीठ मळताना हाताचा दाब किती, फोडणी करपायच्या आधीचा क्षण कोणता, हे पुस्तकात लिहिता येत नाही. व्हिडिओत ते दिसतं, पण त्यासाठी तो फार कापायचा नसतो. दीड मिनिटात आटपलेल्या व्हिडिओत नेमका हाच भाग गळतो.

सुमन आजींच्या नगर जिल्ह्यातच अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यादेखील शाळेत गेलेल्या नाहीत. गावठी बियाणं जमवून, जपून, इतरांना वाटून त्यांनी बीजबँक उभी केली. त्यांना ‘बीजमाता’ म्हणून लोक ओळखू लागले. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, 2020 च्या पद्म यादीत पद्मश्रीसाठी नाव जाहीर झालं. त्यांनी जपलेल्या वाणांत वाल-घेवड्याचे बरेच प्रकार आहेत. कुठला लाल, कुठला काटेरी, कुठला डोंगरउतारावर पाण्यावाचून टिकणारा. खाण्याच्या मागे फिरणाऱ्याने इथवर पोचायला हवं, कारण वाण गेलं की त्याची आमटीही जाते.

रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लागते ती याच वालाच्या जोरावर. शेतात मातीचं मडकं घेतात, तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मध्ये मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा आणि वरून पाल्याचा गच्च बूच. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून जाळ करतात. साधारण अर्ध्या तासाने अनुभवी माणूस मडक्यावर पाणी शिंपडतो आणि चर्र आवाज व वास यांवरून झालं की नाही ते सांगतो. भांबुर्डा ही तिथे कडेकपारीला आपोआप वाढणारी रानवनस्पती. पोपटीचा खास वास तिचाच. शहरात कुणी कोबीची पानं घालून पोपटी लावली तर शेंगा शिजतील, पण अलिबाग-पेणकडच्या माणसाला त्यात पोपटी सापडणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या रानांत शेवळं उगवतात. आदिवासी बाया जुड्या बांधून त्या रस्त्याकडेला विकायला बसतात. हंगाम अगदी थोड्या दिवसांचा. शेवळं सुरणाच्या कुळातली, त्यामुळे नीट न केल्यास घशाला भयंकर खाज सुटते. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून धुवायचं आणि शिजवताना काकडं नावाची आंबट रानफळं घालायची. म्हणून शेवळांबरोबर काकडंही विकायला असतात, आणि जाणती बाई नवख्या गिऱ्हाईकाला ती घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. अशा भाजीचा व्हिडिओ घाईने केला आणि पिवळा भाग काढण्याचा टप्पा कापला, तर पाहून रांधणाऱ्याला तो महागात पडेल. कृषी विभाग पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. तिथे शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी ओळखणाऱ्या आणि रांधणाऱ्या बायका एका ठिकाणी भेटतात. कॅमेरा घेऊन निघालेल्या तरुणाने सुरुवात तिथून करावी, त्यांच्यापैकी एखादीच्या पाड्यावर पुढच्या जूनमध्ये जाण्याची परवानगी मागावी आणि चूल पेटण्याच्या आधी रानात त्यांच्याबरोबर जावं.